चालणे ०-०-१ : फॅमिली डॉक्टरांस अनावृत पत्र

महाराष्ट्रातील समस्त फॅमिली डॉक्टर मंडळींच्या सेवेशी,



प्रस्तुत पत्र लिहिणारा इसम महसूल खात्यातून अव्वल कारकून या हुद्द्यावरून सेवानिवृत्त झालेला, सदतीस वर्षे खुर्चीवर बसून काढलेला, आणि त्या बैठकीच्या मोबदल्यात पेन्शनीबरोबर मधुमेह व रक्तदाब अशा दोन विकारांची सनद घरी घेऊन आलेला आहे. वैद्यकशास्त्रातले मला काही कळत नाही, हे आरंभीच कबूल करतो. परंतु हुकूम कोणत्या रीतीने काढला म्हणजे त्याची अंमलबजावणी होते आणि कोणत्या रीतीने काढला म्हणजे तो व्हरांड्यातल्या वाऱ्यावर उडून जातो, एवढ्या एका विषयातला माझा अधिकार आपण नाकारणार नाही असे वाटते, आणि आजचा माझा अर्ज त्याच विषयापुरता आहे.

माझे फॅमिली डॉक्टर हे अत्यंत सज्जन गृहस्थ. गेली अकरा वर्षे दर दोन महिन्यांनी मी त्यांच्या दवाखान्यात जातो; ते दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब पाहतात, चष्मा कपाळावर सरकवून साखरेचा रिपोर्ट वाचतात, चिठ्ठीवर औषधे लिहितात, ती फाडून माझ्या हाती देतात, आणि बाहेरच्या बाकावरील पुढच्या रुग्णाला आत सोडण्याविषयी कंपाउंडरला खूण करता करता मला म्हणतात, "आणि काका, जरा चालत जा बरं का." हे वाक्य मी साठ-पासष्ट वेळा तरी ऐकले असेल. निघालेल्या पाहुण्याला यजमानाने दारातून ‘येत जा हं अधूनमधून’ म्हणावे आणि पाहुण्याने ‘येणार, येणार’ म्हणत पायात चपला सरकवाव्यात, त्या जातीचे ते वाक्य आहे अशी माझी धारणा होऊन बसली होती. त्यामुळे मीही ‘चालतो की, चालतो की’ असे म्हणून दवाखान्याच्या पायरीवरूनच रिक्षाला हात करीत असे. गोळ्यांचे मात्र तसे नव्हते. चिठ्ठीवर ‘१-०-१’ असे लिहिलेले असले म्हणजे सकाळची एक आणि रात्रीची एक, यात अकरा वर्षांत कसूर झाल्याचे मला आठवत नाही. कारण एकच, की ते लेखी होते.

आमच्या कचेरीत एक दंडक होता, कोणत्याही नियमपुस्तिकेत न छापलेला आणि म्हणूनच सर्वांनी पाळलेला: साहेबाने जाता जाता तोंडी सांगितलेले काम हे काम नव्हे. कामाचे स्वरूप, त्याचे प्रमाण, पुरे करण्याची मुदत, आणि मुदत उलटल्यावर विचारणा करण्याची तारीख, इतक्या गोष्टी कागदावर उतरून त्या कागदाला जावक क्रमांक पडला म्हणजेच तो हुकूम ठरे. आणि विचारणा होणार नाही असे ज्या हुकुमाविषयी हाताखालच्या माणसाला एकदा कळले, तो हुकूम दप्तरात कितीही सुवाच्य अक्षरात पडलेला असला तरी मेलेलाच समजावा. आपल्या ‘जरा चालत जा’ला प्रमाण नाही, मुदत नाही, आणि दोन महिन्यांनी त्याबद्दल आपण विचारीत नाही. ‘जरा’ म्हणजे किती, हा प्रश्न अकरा वर्षांत मी विचारला नाही आणि डॉक्टरांनीही सांगितले नाही. दोष निम्मा माझा आहे, हे मान्य.

गेल्या पावसाळ्यात डॉक्टर मुलीकडे परदेशी गेले आणि त्यांच्या खुर्चीत तीन महिने एक तरुण डॉक्टरीणबाई बसल्या. त्यांनी रक्तदाब पाहण्यापूर्वीच विचारले, "काका, काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत कुठे कुठे गेलात?" चौकशी झाली की सविस्तर कैफियत द्यावयाची, ही जन्माची सवय, त्यामुळे मी न्हाणीघरापासून आरंभ करून वर्तमानपत्रासाठी गॅलरी, जेवणासाठी टेबल, दुपारची आरामखुर्ची, संध्याकाळचा दूरदर्शन संच, असा सगळा प्रवास निवेदन केला, आणि निवेदन करता करताच माझ्या ध्यानात आले की आदल्या दिवसभरात मी आमच्या तिसऱ्या मजल्यावरील सदनिकेचा उंबरठा ओलांडलाच नव्हता. बाईंनी उपदेश केला नाही. घराजवळ चालत जाण्याजोगे काय आहे, एवढेच विचारले. गणपतीचे देऊळ आहे, म्हणालो. चालताना छातीत दुखते का, दम लागतो का, तळपायांना स्पर्श नीट कळतो का, हे विचारून त्यांनी पायांवर कापसाचा बोळा फिरवून पाहिला, आणि मग मधुमेहाच्या मेटफॉर्मिन या गोळीच्या ओळीखाली त्याच शाईने, त्याच अक्षरात लिहिले: ‘चालणे ०-०-१. १५ मिनिटे. गणपतीच्या देवळापर्यंत व परत. बुटांसह. १५ दिवस.’ खाली सही, तारीख. तीच ओळ त्यांनी आपल्या केसपेपरवर उतरवून घेतली, आणि हे मी पाहिले. साहेबाने स्वतःच्या वहीत टिपून घेतलेले काम टळत नाही, हे कोणत्याही कारकुनाला सांगावे लागत नाही.

पंधरा दिवसांनी पहिला प्रश्न गोळ्यांचा नव्हता. "किती दिवस जमलं?" मी म्हणालो, नऊ. "आणि सहा?" पाऊस. "मग पावसात तुमच्या जिन्याचं छप्पर गळतं का?" छप्पर गळत नव्हते. पुढील चिठ्ठीत ‘पाऊस असल्यास जिना’ असा पोटनियम जोडला गेला आणि पंधराची वीस मिनिटे झाली.

लेखी हुकुमाचे हे माहात्म्य आपल्या एकट्यालाच उमगले, असा अभिमान मला काही आठवडे होता. तो फिजिओथेरपी शिकणाऱ्या माझ्या नातीने घालवला. न्यूझीलंडमधील फॅमिली डॉक्टर १९९८ पासून बैठ्या रुग्णांना ‘हिरवी चिठ्ठी’ लिहून देतात, असे तिने मला दाखवून दिले. डॉक्टर रुग्णाशी दोन शब्द बोलतो, दोघे मिळून झेपेल असे काही ठरवतात, बहुधा चालणेच, आणि ते औषधासारखे कागदावर लिहिले जाते. त्या देशातील वायकाटो प्रांतात ४२ दवाखान्यांतून, ४० ते ७९ वर्षे वयाच्या ८७८ बैठ्या माणसांवर या चिठ्ठीची रीतसर परीक्षा झाली, आणि तिचा निष्कर्ष २००३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. परीक्षेत चिठ्ठीचा तपशील फॅक्सने स्थानिक क्रीडासंस्थेकडे रवाना होत असे आणि तेथील जाणकार पुढील तीन महिन्यांत निदान तीन वेळा टेलिफोन करून रुग्णाची खबर घेत. नक्कल रवाना करणे आणि तगादा लावणे! हे वाचून मला जो आनंद झाला तो केवळ महसुली कारकुनालाच होऊ शकतो.

निष्पत्ती काय, तर वर्षाअखेर चिठ्ठी मिळालेल्या दवाखान्यांतील माणसे इतरांच्या तुलनेत आठवड्याला सुमारे ३४ मिनिटे अधिक व्यायाम करू लागली, आणि सुमारे दहा चिठ्ठ्यांमागे एक माणूस असा निघाला की जो एरवी आठवड्याला अडीच तासांची मर्यादा गाठता ना, तो चिठ्ठीमुळे गाठू लागला. रक्तदाब किंचित खाली कलला, परंतु फरक खात्रीने सांगण्याइतका नव्हता, आणि हृदयविकाराच्या गणिती धोक्यातही वर्षभरात ठोस घट दिसली नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण आपल्या बाजूचा पुरावा तेवढा जोडून विरुद्धचा दप्तराखाली दडवणे ही लबाडी मी नोकरीत पुष्कळ पाहिली आहे. दहाला एक, हे प्रमाण ऐकून आपण हसाल. परंतु महाराज, शेतसारा थकवलेल्या दहा खातेदारांना नोटिसा धाडल्यावर त्यांतला एक जरी आपण होऊन भरणा करायला चावडीवर आला, तर आमचे मामलेदारसाहेब त्या दिवशी कचेरीत पेढे वाटीत असत.

चालण्याचा आणि काळजाचा संबंध मुळात प्रकाशात आला तोही एका परीने कारकुनांच्याच दुर्दैवाने. लंडनमध्ये जेरेमी मॉरिस नावाच्या वैद्याने १९५३ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक निबंध छापला. दुमजली बसगाड्यांचा चालक दिवसभर बैठकीवर खिळलेला, आणि तिकिटे फाडणारा वाहक त्याच गाडीत दिवसभर जिना चढत-उतरत असलेला. गाडी एक, धूर एक, पगाराची प्रतवारीही फारशी वेगळी नाही. तरी वाहकांना हृदयविकार कमी, उशिरा आणि सौम्य, असे त्यांना आढळले. हाच पडताळा त्यांनी टपालखात्यातही घेतला, आणि घरोघर पत्रे वाटणाऱ्या पोस्टमनांच्या मानाने आमची बैठी जमात वाईट स्थितीत निघाली. शंकाखोर माणूस म्हणेल की मुळात स्थूल माणसेच चालकाची नोकरी पत्करीत असतील. तर ही शंका खुद्द मॉरिस यांनीच १९५६ साली गणवेशांच्या मापांची दप्तरे काढून तपासली, आणि चालकांच्या विजारींचे कमरेचे माप खरोखरच नोकरीच्या आरंभापासून मोठे असल्याचे प्रामाणिकपणे जाहीर केले. त्यावर ते थांबले नाहीत, पुढे आणखी कित्येक वर्षे खोदत राहिले. शिंप्याच्या नोंदींतून हृदयरोगाचा छडा लावू पाहणाऱ्या या माणसाविषयी मला, दप्तराचा माणूस म्हणून, विलक्षण ममत्व वाटते.

आणि परदेशाची उदाहरणे नकोत, असे आपल्यापैकी कोणी म्हणेल तर सुश्रुतसंहितेचे चिकित्सास्थान उघडून पाहावे. ज्याला धन नाही, आप्त नाही, अशा प्रमेही, म्हणजे आजच्या भाषेत मधुमेहासारखा विकार जडलेल्या, माणसाने पायात वहाणा न घालता, डोक्यावर छत्र न धरता, भिक्षेवर निर्वाह करीत आणि एका गावी एकच रात्र मुक्काम करीत शंभर योजने किंवा त्याहून अधिक चालावे. कोणी सतत शेत नांगरावे, नाहीतर विहीर खणावी, अशी तेथे स्पष्ट आज्ञा आहे. भाषा पाहा: प्रमाण आहे, पथ्य आहे, मुक्कामाचा नियमही आहे. ‘जरा चालत जा’ असे सुश्रुत म्हणत नाही. त्यातील अनवाणी चालण्याचे कलम मात्र आज रद्दबातल समजावे. बधिर तळव्यात खिळा रुतला तरी मधुमेह्याला कळत नाही, म्हणूनच आमच्या बाईंनी ‘बुटांसह’ हा शब्द घातला होता.

आपल्या लोकांना या बाबतीत सवलत तर नाहीच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज मित्र डॉ. जॉन युडकिन यांचे एक जोडछायाचित्र २००४ साली लॅन्सेटमध्ये छापले गेले: दोघांचा उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३, पण शरीरातील मेद एकाचा ९.१ टक्के, तर आपल्या पुणेकर डॉक्टरांचा २१.२ टक्के. ‘मी कुठे जाड आहे?’ असे म्हणणाऱ्या प्रत्येक किडकिडीत मराठी गृहस्थाच्या दिवाणखान्यात ते चित्र टांगावे. दुसरी बाजू उमेदीची आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ भारतीयांवर केलेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपैकी ५५ टक्क्यांना सुमारे तीन वर्षांत मधुमेह जडला. आहार व चालणे यांचा पाठपुरावा झालेल्यांत ३९.३ टक्क्यांना, आणि मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ४०.५ टक्क्यांना. म्हणजे जिला आपण चिठ्ठीवर मानाचे पहिले स्थान देता ती गोळी, आणि जिला दारातून निरोपाच्या शब्दांत उरकता ती चाल, या दोघी त्या वर्गात एकाच तोलाच्या ठरल्या. ज्याअर्थी तोल सारखा, त्याअर्थी एकीला लेखी आणि दुसरीला तोंडी, हा दुजाभाव का?

मात्र चिठ्ठी लिहिण्याआधी चौकशी हवी. आणि येथे मला थोडे थांबून बोलायचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांचा सहभाग असलेला एक लेख २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यात भारतातील जवळजवळ निम्मी प्रौढ माणसे पुरेशी हालचाल करीत नाहीत असे आहे, पुरुषांत ४२ टक्के आणि स्त्रियांत ५७ टक्के. आमच्या सौभाग्यवतींना मी हा आकडा वाचून दाखवला, तेव्हा त्या पोळपाटावरून मान वर न करता म्हणाल्या, "मी पहाटे पाचपासून पायांवर उभी आहे, माझी मिनिटं त्यांनी कुठल्या खात्यात जमा केली?" मजजवळ उत्तर नव्हते. उभे राहणे आणि चालणे यांत अंतर आहे हे खरे; ओट्यापाशी तासन् तास खिळल्याने पाय सुजतात, काळजाला त्याचा लाभ होत नाही, हेही खरे असेल; परंतु सबंध दिवस दुसऱ्यांच्या कामात गेलेल्या बाईला ‘तुम्ही बैठ्या आहात’ असे सांगणारा डॉक्टर तिचा विश्वास त्याच क्षणी गमावतो. तिला चिठ्ठी द्यायची तर त्या चिठ्ठीत घरच्या मंडळींसाठीही एक कलम घालावे: ‘संध्याकाळी सहा ते साडेसहा चहा ज्याचा त्याने करून घेणे.’ हे मी विनोदाने लिहीत नाही. डॉक्टरची सही असलेला कागद भिंतीवर लागला की पुष्कळ घरांत बाईला अर्धा तास घराबाहेर पडण्याचा परवाना मिळतो, जो तिच्या स्वतःच्या शब्दाने मिळत नाही. साडीखाली बूट घालण्याची लाजही त्या कागदाने निम्मी होते. आमच्या घरी झाली.

तसेच, ऊसतोडीवरून आलेली बाई किंवा बाजारात दिवसभर पोती वाहिलेला हमाल समोर बसला असता, त्याला चालण्याचा उपदेश करू नये. त्याच्या चिठ्ठीत विश्रांती लिहावी आणि ती त्याला कोण देणार याचा विचार करून आपण मनात खजील व्हावे. म्हणूनच ‘काल दिवसभर काय केले’ हा प्रश्न आधी.

वेळ कुठे आहे, असे आपण म्हणाल. बाहेर बाकावर बारा माणसे, त्यांतली चार सुईसाठी हटून बसलेली, आणि नुसते चालायला सांगितले तर ‘फी कशाची घेतली?’ असे मनात म्हणत जाणारी दोन. ही अडचण खरी आहे आणि तिचे निवारण मजपाशी नाही. मात्र माझ्या चिठ्ठीतील ती ओळ लिहायला बाईंना अर्धे मिनिट लागले, आणि बोलण्याला फार तर पाच. त्यांनी दीडशे मिनिटांचा तो आठवड्याचा जागतिक आकडा पहिल्या दिवशी माझ्यापुढे ठेवलाही नाही. ठेवला असता तर वीस वर्षांच्या थकबाकीची एकरकमी मागणी आलेल्या कुळासारखा मी दवाखाना बदलून मोकळा झालो असतो. त्यांनी हप्तेबंदी करून दिली. शिवाय व्यायाम सलग दहा मिनिटे झाला तरच हिशेबात धरायचा, हा जुना दंडकही जागतिक संघटनेने २०२० साली काढून टाकला आहे. त्यामुळे दूध आणायला उतरून चढलेले तीन मजलेही जमेला लागतात.

पदपथांविषयी मी येथे लिहीत नाही. आमच्या देवळाच्या वाटेवरील पदपथावर एक रोहित्र, दोन दुचाक्या, एक भजीची गाडी आणि उखडलेल्या फरशा कायमच्या मुक्कामाला आहेत. त्याबाबत महापालिकेकडे निराळा अर्ज केला असून त्यास आवक क्रमांक मिळाला आहे, उत्तर नाही. तूर्त मी रस्त्याच्या कडेने चालतो आणि वळणावर थांबतो.

साखर किती उतरली, हे आपण विचारालच. थोडी उतरली, गोळ्या तेवढ्याच आहेत. पूर्वी दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून उभे राहावे लागे, तेथे आता राहावे लागत नाही.

आश्विनात आमचे डॉक्टर परत आले. मी गेलो, त्यांनी पट्टा गुंडाळला, रिपोर्ट वाचला, केसपेपर चाळताना बाईंच्या त्या ओळीपाशी क्षणभर थबकून मिशीत हसले, आणि चिठ्ठीवर तीन औषधे लिहून ती मला देत, कंपाउंडरकडे पाहत म्हणाले, "आणि काका, जरा चालत जा बरं का." मी उठलो नाही. चिठ्ठी त्यांच्या टेबलावर, त्यांच्याकडे तोंड करून, परत ठेवली आणि म्हणालो, "साहेब, हे लेखी द्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग पेनाचे टोपण पुन्हा काढले. "किती लिहू?"

मी पिशवीतून वही काढून त्यांच्यापुढे उघडली.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक सेवानिवृत्त अव्वल कारकून